नंदादीपाचं तेल

एका चातुर्मासात मी अखंड नंदादीपाचा नेम धरला, तेव्हा सासूबाईंनी ही गोष्ट सांगितली.

इनामदारांची थोरली बहीण म्हातारपणी अंथरुणाला खिळली. इनामदार म्हणाले, "आक्का पडूनच असते. चार भाकऱ्या कशाला? एक पुरे." आक्का वाळत चालली.

एके सकाळी धाकट्या सुनेने, उमेने, नंदादीपात तेलच घातलं नाही. इनामदार कडाडले, "अगं, दिवा विझेल!"

"मामंजी, तो तर जागचा हललाही नाही. त्याला तेल कशाला?"

"जागच्या जागी जळतोय ना तो!"

"आत्याबाईंचाही श्वास चालू आहे, अंग उबदार आहे. चारांतली कामाची एक भाकरी हवी तर कमी करा, जगण्याच्या तीन राहू द्या."

इनामदारांनी आधी आक्काचं ताट वाढायला सांगितलं, मग तेलाची बुधली मागितली.

बायांनो, तुमच्या घरी कुणी पडून असेल, तर दिव्यात तेल घालण्याआधी त्यांचं ताट बघून या.