येसबाची हरणी आणि साहेबाचे दहा प्रश्न

"टांगा हाकायचाय? मग इंग्रजीत परीक्षा द्या!"

श्रीमंत भुजंगराव महाराज सहा महिने विलायतेत राहून आले आणि आल्या आल्या त्यांनी हे फर्मान काढलं. पास होईल त्याला पितळी बिल्ला. बिल्ला नाही तर टांगा नाही! परीक्षा घ्यायला विलायतेहून टॉमस साहेब आणले. उंच, लालबुंद, स्वभावानं अगदी गरीब; पण मराठीचा एक शब्द कळेल तर शपथ!

संस्थानात टांगेवाले बेचाळीस. बेचाळीसच्या बेचाळीस नापास! राजवाड्याचा बग्गीवालासुद्धा नापास! पास झाला एकटा दिगंबर, दप्तरातला कारकून. त्यानं दहाच्या दहा उत्तरं घडाघडा म्हणून दाखवली. लगाम मात्र जन्मात हातात धरला नव्हता.

तीस वर्षांत वाटेतली कोंबडीही न चिरडलेला येसबा टांगेवाला घरी आला आणि मान खाली घालून बसला. दारात त्याची हरणी घोडी पाय आपटत होती.

"साहेबानं विचारलं तरी काय?" त्याची बायको सई म्हणाली.

"देवाला ठाऊक! मी आपला सगळ्याला व्हय व्हय म्हणत मान हलवली."

"अहो, दिगंबरभाऊ सांगत होते, त्यातला एक प्रश्न होता, दारू पिऊन टांगा हाकता का!"

माळकरी येसबानं गळ्यातल्या माळेला हात लावला. "पांडुरंगा! त्यालाबी व्हय म्हणालो की गं!"

सईनं हसू दाबलं, पदर खोचला आणि तडक दरबार गाठला.

"सरकार, आमच्या ह्यांची परीक्षा पुन्हा घ्यावी."

महाराजांनी मिशीवर ताव दिला. "घेऊ की! पण तुझ्या नवऱ्याला इंग्रजी येत नाही आणि साहेबाला मराठी. तरीही साहेबानं दहापैकी दहा गुण दिले तर बिल्ला तुझा. नाही दिले, तर तुमची घोडी आमच्या पागेत जमा!"

सारा दरबार खो खो हसला.  हरणी सईनं शिंगरू असल्यापासून वाढवलेली. तरी ती म्हणाली, "कबूल, सरकार! फक्त दिवस आणि जागा मी ठरवणार."

"ठरव, ठरव!"

"दिवस येता शुक्रवार. जागा त्याच दिवशी सांगेन."

शुक्रवारी राणीसाहेबांच्या व्रताचं उद्यापन होतं. पाच सवाष्णींना अक्षता देऊन बोलावलं होतं. चौघी खिंडीपलीकडच्या वाडीतल्या, पाचवी तळ्याकाठची भागीरथी कासारीण. त्या जेवल्याशिवाय राणीसाहेब पाणी घेणार नव्हत्या. आणि संकल्प जोडीनं सोडलेला, त्यामुळे महाराजही उपाशी!

बिल्लेवाला दिगंबर सकाळीच टांगा घेऊन निघाला. भागीरथीला बसवलं आणि पहिल्याच वळणावर टांगा सरळ तळ्यात! भागीरथी चिखलातून उठली, लुगडं पिळलं आणि ओरडली, "सांगा राणीसाहेबांना, सवाष्ण दुसरी कुणी बघा! मी चालले घरी अंग शेकायला!"

दुपार झाली. पानं मांडलेली, पुरणाचा वास वाड्याभर फिरतोय आणि सवाष्ण एकही नाही!

"राणीसाहेब, एखादी पोळी..." महाराज हळूच म्हणाले.

"सरकार! देवी बघतेय!"

एवढ्यात फाटकात सई आली. मागे टांगा, आणि बिल्ला नाही म्हणून येसबा हरणीला हातानं धरून चालवत आणतोय.

"आज शुक्रवार, सरकार! परीक्षेची जागा, इथपासून खिंडीपलीकडची वाडी आणि परत. साहेबांनी प्रश्नांचा कागद घेऊन टांग्यात बसावं. तोंडानं काही विचारू नये. रस्ता विचारेल. आमचे हे काय करतात ते डोळ्यांनी बघावं आणि गुण द्यावेत."

महाराजांना पुरणाशिवाय काही सुचत नव्हतं. "बसवा त्या साहेबाला! लवकर!"

महाराजांनी साहेबाला इंग्रजीत सगळं समजावलं आणि टांगा निघाला. आंधळं वळण आलं. येसबानं पायानं घंटा वाजवली आणि चाल मंद केली. साहेबानं कागदावर खूण केली. मध्येच वासरू आडवं आलं. हरणी जागच्या जागी उभी! खूण. भारा घेतलेली म्हातारी रस्त्याच्या मधोमध. येसबा खाली उतरला, तिला कडेला नेऊन पोचवलं. खूण. खिंडीच्या उतारावर लगाम हातात धरून पावला-पावलानं घोडी उतरवली. चढणाऱ्या बैलगाडीला वाट दिली. दमलेल्या घोडीला ओढ्यावर पाणी पाजलं. खूण, खूण, खूण! ताडीच्या गुत्त्यावरून हाक आली, "येसबा, ये की घोटभर!" येसबानं दोन्ही कानांना हात लावले आणि टांगा पुढे काढला. साहेब इतका हसला की पेन्सिल खाली पडली. येसबानं टांगा थांबवून ती उचलून दिली.

मागच्या बाकावर दाटीवाटीनं बसलेल्या चौघी सवाष्णी घेऊन टांगा वाड्याच्या दारात उभा राहिला. कुणाचा गजरासुद्धा हलला नव्हता! साहेब उतरला, हरणीच्या मानेवर थाप मारली आणि वाटेत चौघींकडून शिकलेला शब्द मोठ्यानं म्हणाला, "शाब्बास!"

कागद महाराजांच्या हातात आला. दहापैकी दहा!

पण महाराज हट्टी. "ते ठीक आहे. पण यानं तोंडानं एक तरी उत्तर दिलं का?"

बुडालेला टांगा आत्ताच तळ्यातून ओढून आलेला दिगंबर खांबाआड निथळत उभा होता. सईनं त्याच्याकडे बोट दाखवलं.

"सरकार, टांगा तोंडानं हाकता आला असता, तर दिगंबरभाऊंचं धोतर आत्ता कोरडं असतं!"

 महाराज पोट धरून असे हसले, असे हसले, की पागोटं घरंगळून साहेबाच्या पायाशी! "हरलो, बाई, हरलो! बाकीच्या एक्केचाळीस जणांची परीक्षा उद्यापासून रस्त्यावर! येसबा, हा घे तुझा बिल्ला. आणि दिगंबर, तू दप्तरातच बरा!"

राणीसाहेब सईचा हात धरून म्हणाल्या, "भागीरथीचं पान रिकामं आहे. पाचवी सवाष्ण तूच!" त्यांनी सईची ओटी भरली. खण, नारळ आणि वर हिरवंगार पैठणी लुगडं!

पानावर बसता बसता सई थबकली. "राणीसाहेब, एक पोळी आधी हरणीला..."

"वाढा, वाढा!" आतून महाराज ओरडले. "तिला दोन वाढा! पण कुणीतरी पहिला घास घ्या हो, लवकर!"