उंबरावरची शेवटची गोगलगाय

पूर्वी मणिद्वीपात उदयभद्र राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वनरक्षकाच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव कुवल. बापामागे रान त्याच्याकडे आले. त्या रानात पानांच्या पाठीला चिकटून राहणाऱ्या इवल्याशा गोगलगायी होत्या. पांढऱ्या शंखावर मधाच्या रंगाची रेघ. जगात दुसरीकडे त्या कुठेच नव्हत्या. वर्षाकाठी त्यांना एखादेच पिल्लू होई.

एके वर्षी परदेशी जहाजांतून आलेल्या थोराड गोगलगायींनी अळूचे मळे फस्त केले. तेव्हा अमात्य सोमिलाने तोड काढली : गोगलगायींनाच खाणाऱ्या शिकारी गोगलगायी आणून सोडायच्या.

कुवल दरबारात हात जोडून म्हणाला, "महाराज, मळा कुठला नि रान कुठले, हे त्यांना कसे कळणार? मी माणसे घेऊन मळे हाताने वेचून देतो."

"तुझे वेचून होईपर्यंत लोक उपाशी मरतील," सोमिल म्हणाला. राजाला ते पटले.

शिकारी आल्या. मळ्यातल्या थोराडांपुढे त्यांचे काही चालेना, म्हणून त्या रानात शिरल्या. कुवल दिवस दिवस झाडाझाडावरून त्यांना वेचून दूर नेऊन सोडी. तरी दहा वर्षांत रान ओस पडले. एका उंबरावर एकच गोगलगाय उरली. शिकारींना राखेवरून सरकता येत नाही, म्हणून कुवलने खोडाभोवती राखेचे कडे केले आणि तिथेच झोपडी घातली.

ते ऐकून सोमिल आला. "राणीसाहेबांना तो शंख हवा आहे. तुला गाव इनाम मिळेल. अरे, तिला जोडीदार नाही, पिल्लू होणार नाही. तू राखतोस तरी काय?"

"राखण्यासारखे काही उरले नाही, अमात्य, मला ठाऊक आहे. पण आज ती जिवंत आहे."

सोमिल हात हलवीत परतला. चौथ्या उन्हाळ्यात ती पानावरून गळून पडली. कुवलने तिला तळहातावर घेतले, पाणी शिंपडले. ती शंखाबाहेर आलीच नाही. त्यानंतर कितीतरी दिवस तो पान अन् पान उलटून पाहत रानभर हिंडला. काही नव्हते.

ही पूर्वजन्मीची कथा भिक्षूंना सांगून भगवान शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा आज उपासक धनेश आहे. सोमिल म्हणजे मरणाच्या दारातल्या सोबत्याची सेवा व्यर्थ म्हणून सोडून आलेला हा भिक्षू पियंकर. कुवल मीच होतो."

पियंकराने मान खाली घालून विचारले, "भन्ते, आणि ती गोगलगाय?"



"त्या रूपात पुन्हा कोणीच जन्मले नाही," शास्ता म्हणाले. "फळाची आशा संपल्यावरही जिचा हात सुटत नाही, ती करुणा."