काचेच्या बाळाची गोधडी

एका राज्यात, जिथे कोंबड्याच्या आधी भाट जागे होत, राजकन्या कनकावळी, राज्याला शाप लागल्याचे ऐकून, बारा वर्षांनी परत आली. तिला वाटले होते, शाप म्हणजे काहीतरी भयंकर असेल. आकाश काळे पडले असेल, वेशीवर राक्षस बसला असेल, नदी उलटी वाहत असेल. सात डोंगरांपलीकडच्या विद्यापीठात ती मंत्र शिकली ती याच दिवसासाठी. अग्नीला बोलावण्याचे छप्पन्न मंत्र तिला पाठ होते आणि घोड्यावर बसल्या बसल्या तिने त्यांची दोनदा उजळणीही केली होती. कधी एकदा त्या राक्षसाची गाठ पडते असे तिला झाले होते.

वेशीवर राक्षस नव्हता. दोन पहारेकरी होते. कोऱ्या रेशमी अंगरख्यांत, वैशाखाच्या उन्हात, ते कुडकुडत उभे होते.

बाजारात गेली तर तेच. भाजीवालीच्या अंगावर जरीचे लुगडे, गाडीवानाच्या डोक्याला कोरा मंदिल, कुठे ठिगळ नाही, कुठे विटलेला रंग नाही, आणि जो तो काखेत हात घालून चाललेला. कुत्रीसुद्धा माणसांपासून लांब, तापल्या दगडांवर बसली होती.

महालात तिची वहिनी, युवराज्ञी इंदुमती, पाळण्यापाशी बसली होती. युवराज सरहद्दीवर होता. पाळण्यात नऊ दिवसांचे बाळ होते. कनकावळीने कौतुकाने हात पुढे केला.

"वन्सं, पायांना हात लावू नका," वहिनी म्हणाली. "तडा जाईल."

बाळाचे पाय गुडघ्यांपर्यंत काचेचे झाले होते. आरपार खालचे रेशीम दिसत होते. बाळ रडत नव्हते, झोपतही नव्हते. नुसते डोळे उघडे ठेवून वर पाहत होते.

"रोज थोडं थोडं वर चढतंय," वहिनी म्हणाली. "राजवैद्य सांगतात, बाराव्या दिवशी, बारशाच्या दुपारी, काळजापर्यंत पोहोचेल."

कनकावळीने बाह्या सावरल्या. तिने पहिला मंत्र म्हटला, समया पेटल्या. दहावा म्हटला, भिंती तापल्या. छप्पन्नावा म्हटला तेव्हा खिडकीतली मेणबत्ती वितळून खाली ओघळली. बाळाची काच तसूभरही हलली नाही.

"आता बस करा," वहिनी घाम पुसत म्हणाली. "तुमच्या विद्येनं पोर नाही, मीच शिजेन."

राजकन्या खाली मान घालून बागेत आली. तिथे अनंताच्या झाडावर एक शिंपीण चोचीने दोन पाने एकमेकांना शिवत होती. बोटाएवढी पाखरीण, पण बोलायला लागली की थांबायची नाही.

"संपले मंत्र?" तिने विचारले.

"संपले."

"मग आता विचार. पोराला पहिल्यांदा कशात गुंडाळलं?"

"जरीच्या कोऱ्या रेशमात. राजाचा नातू आहे."

"कोऱ्या," शिंपीण म्हणाली आणि तिने एक टाका घातला. "या राज्यात पूर्वी भिकाऱ्याच्या घरीही बाळाला कोऱ्यात घेत नसत. जुनेर लागतं. शंभरदा धुतलेलं, कुणाच्या तरी अंगावर मऊ झालेलं. तू गेलीस त्या वर्षी तुझ्या बापाच्या दरबारात परदेशचा वकील आला. पहारेकऱ्याच्या गुडघ्यावरचं ठिगळ पाहून हसला. तुझ्या बापाला ते लागलं. त्यानं धूमराज मांत्रिकाला बोलावलं. धूमराजानं सात दालनं रेशमानं भरून दिली, कधी रिती न होणारी. आणि बदल्यात राज्यातलं सगळं जुनं कापड उचलून नेलं. त्याच्या रेशमात ऊब नाही. गारठा दर वर्षी वाढत गेला. आता पाळण्यापर्यंत आला."

"उपाय सांग."

"तीन जुन्या कापडांची गोधडी. एक भ्यालेल्याकडून आण, एक लाजणाऱ्याकडून, एक हिसकावणाऱ्याकडून. हुकमानं घेतलेलं चालणार नाही. चोरलेलं चालणार नाही. ज्यानं त्यानं आपल्या हातानं दिलं पाहिजे. आणि शिवायची तू."

तिने चोचीतला बाभळीचा काटा राजकन्येच्या तळहातावर टाकला. काट्याला दोरा ओवायला नेढे पाडलेले होते.

"दोरा तुझ्या अंगावरच्या उपरण्यातून काढ. ते परक्या देशाचं आहे, त्यावर शाप नाही. जा, बघत काय राहिलीस."

कनकावळीचा सगळा शीण पळाला. काम तीनच कापडांचे होते.

भ्यालेले माणूस शोधावे लागले नाही, सगळे नगरच भ्यालेले होते. जुनी चिंधी घरात सापडली तर धूमराजाचे धुराचे कावळे येऊन घर उचकटत. तिने दारोदार विचारले. लोक म्हणत, आमच्याकडे काही नाही, आणि दार लावून घेत. दिवस कलताना ती कुंभारवाड्यात पोहोचली. भिवराई कुंभारीण चाकावर मडके घडवत होती. मडक्याच्या काठावरून ती एक ओली चिंधी फिरवत होती, काठ गुळगुळीत होत होता. राजकन्येला पाहताच तिने चिंधी चिखलात दाबली.

"राजकन्या म्हणून आज्ञा करते," कनकावळी म्हणाली, "ती चिंधी—"

"कुठली चिंधी? चिखल आहे तो."

"मी पाहिली."

"मग कावळ्यांना सांगा. म्हातारीचं घर उचकटायला त्यांना किती वेळ लागणार."

मग ती तिथेच चिखलात मांडी घालून बसली. तिने बाळाचे सांगितले, काचेचे पाय सांगितले, छप्पन्न मंत्रांची फजितीही सांगितली. भिवराईचे चाक हळूहळू थांबले.

"तिकडे बारा वर्षांत मागायला नाही शिकवलं का गं तुला?"

"नाही, मावशी. बोलावायला शिकवलं. अग्नीला, वाऱ्याला."

"मग आता शीक. म्हण, द्याल का."

"द्याल का, मावशी?"

भिवराईने चिखलातून चिंधी काढली, घंगाळात खळबळून धुतली आणि पिळून तिच्या हातावर ठेवली. "घरधन्याच्या पागोट्याच्या टोकाचा शेव आहे. बारा वर्षं त्याच्याच हातानं काठ वळतेय, असं समज. आता कावळे आले तर येऊ देत. उद्या-परवा शिवायला बसशील तेव्हा मला बोलाव. तुझी बोटं बघूनच कळतंय, तुला टाका येत नाही."

दुसऱ्या दिवशी राजकन्या लाजणारा शोधत फिरली. नट्यांना विचारले, नवऱ्या मुलींना विचारले. कुणाकडे काही नव्हते. थकून ती दरबारात आली, तर राजा सिंहासनावरून उठत होता आणि उठताना त्याने मुकुट एका हाताने घट्ट धरला होता. उठताना धरला, वाकताना धरला, शिंकतानाही धरला. कनकावळीने दरबार रिकामा होऊ दिला.

"आबा, मुकुटाखाली काय आहे?"

"डोकं," राजा म्हणाला.

"आणि डोक्याच्या वर?"

राजाचे कान लाल झाले. मग त्याने मुकुट उतरवला. आत चुंबळ होती, पाणी आणणाऱ्या बाया घागरीखाली ठेवतात तशी, जुन्या लुगड्याची घट्ट पिळून केलेली.

"राज्याभिषेकाला मुकुट मोठा झाला," तो म्हणाला. "डोळ्यांवर यायचा. तुझ्या आईनं आपलं लुगडं फाडून रात्रीतून ही करून दिली. सगळ्या राज्याच्या चिंध्या मी दिल्या, कनके. ही नाही देववली. लोकांना काय तोंड दाखवू?"

"ती मला द्याल का, आबा?"

"मुकुट घसरेल."

"घसरू दे."

राजाने चुंबळ सोडवली. इतक्या वर्षांत पिळे असे बसले होते की उलगडायला दोघांना मिळून तास लागला. कापड निळे निघाले.

त्याच संध्याकाळी राजकन्या धूमराजाच्या टेकडीवर गेली. टेकडी मातीची नव्हती. ती साऱ्या राज्याच्या जुन्या कापडांची होती. लुगडी, धोतरे, कुंच्या, झबली, पडदे यांची ती रास ढगांना टेकली होती. शिखरावर धूमराज बसला होता, नगरातल्या कुणाहूनही जास्त कुडकुडत.

"इतक्या कापडांवर बसून तुम्हाला थंडी वाजते?" तिने विचारले.

"हिसकावलेलं कापड ऊब देत नाही. हे मला आधी कुणी सांगितलं नाही." त्याचा आवाज दात वाजण्यातून तुटक येत होता. "काय हवं?"

"एक तुकडा, काच होत चाललेल्या बाळाच्या गोधडीसाठी. परवा त्याचा बारावा दिवस. तुम्ही आपल्या हातानं द्यावा."

"मी देत नाही. मी घेतो. तुझ्याकडे मला देण्यासारखं काय आहे?"

राजकन्येने त्याच्याकडे नीट पाहिले. त्याच्या काळ्या झग्याचा कोपर फाटला होता. तिला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. जोडण्याचा मंत्र ती पहिल्याच वर्षी शिकली होती. तिने तो म्हटला. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच कोपर सांधला गेला, इतका बेमालूम की फाटले होते हे सांगूनही पटले नसते.

धूमराजाने कोपर चाचपला. "गार आहे," तो म्हणाला. "हे मलाही येतं, मुली. असल्याच मंत्रानं सात दालनं भरली मी."

बारा वर्षे जी विद्या कनकावळी डोक्यावर घेऊन आली होती, तीच पाळण्यातल्या बाळाला काच करत होती. मग तिने काटा काढला. मंत्राने सांधलेले तिने काट्यानेच उसवले, उपरण्यातून धागा ओढला आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच शिवायला बसली. पहिला टाका तिच्या बोटात गेला. दुसरा धाग्यासकट निघून आला. तिसरा राहिला. दुपारपर्यंत ती घामाघूम झाली. टाके कुठे लांब, कुठे आखूड, मुंग्यांची रांग मधेच वाट चुकावी तसे.

"वाकडं आहे," धूमराज म्हणाला.

"हात हलवू नका, म्हणजे सरळ येईल."

संध्याकाळी तिने दाताने धागा तोडला. धूमराज कोपरावर हात ठेवून तसाच बसून राहिला. हळूहळू त्याचे दात वाजायचे थांबले. बऱ्याच वेळाने त्याने झग्याचे अस्तर उलटे केले. आत पिवळ्या कापडाचा एक चौकोनी खिसा होता.

"आईनं शिवला होता. यात ती शेंगदाणे घालून द्यायची." त्याने खिसा आपल्या हाताने उसवला. "घे. आणि पळ, उद्या बारावा दिवस आहे."

ती पळतच खाली उतरली.

बाराव्या दिवशी उजाडताना काच बाळाच्या बरगड्यांपर्यंत आली होती. भिवराई भल्या पहाटेच येऊन बसली होती. पागोट्याचा शेव तांबडा, चुंबळ निळी, खिसा पिवळा. तिन्ही मिळून जेमतेम एक बाळ झाकेल एवढे.

"मधोमध पिवळा घे," भिवराईने बजावले. "कडेनं आत आत शिवत ये. टाका बारीक घाल गं, पोराचं बोट अडकेल."

कनकावळी शिवत राहिली. वहिनी पाळण्यापाशी बसून बाळाच्या छातीवरचा हात काढत नव्हती. "वन्सं, बोटभर राहिलं," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "अर्धं बोट." राजकन्येच्या डोळ्यांपुढे टाके पोहू लागले, पण तिने एकही टाका मंत्राने घातला नाही. शेवटचा कोपरा आला तेव्हा भिवराईने पदराच्या गाठीतला भाकरीचा तुकडा काढून त्यात सरकवला. "गोधडीला उपाशी ठेवायचं नसतं," ती म्हणाली. "हं, आता मिटव तोंड."

माध्यान्हीची नौबत वाजली आणि गोधडी बाळावर पडली.

आधी काहीच झाले नाही. मग बाळाच्या छातीवर दहिवरासारखे पाणी जमले. काच मऊ झाली, दुधाळ झाली, गुलाबी झाली. पोट आले, मांड्या आल्या, दहाही बोटे आली. बाळाने डोळे घट्ट मिटले, तोंड वासले आणि असा टाहो फोडला की नौबतवाल्याचा हात थांबला. मग त्याने गोधडी ओली केली.

वहिनी रडता रडता हसली. "पहिल्याच दिवशी धुवायला काढली."

त्याच घटकेला सात दालने धूर होऊन उडून गेली. लोकांच्या अंगावर जे होते ते राहिले आणि साध्या कापडासारखे उबदार झाले. संध्याकाळी वेशीतून छकड्यांची रांग आत आली. पुढच्या छकड्यावर वाकड्या टाक्यांच्या कोपराचा झगा घालून धूमराज बसला होता. ज्याचे त्याला तो आपल्या हाताने परत देत होता. बाया कापड नाकाशी धरून ओळखत होत्या, पुरुष ओळखूनही न ओळखल्यासारखे करत आणि मग हळूच घडी उराशी धरत. बाळाचे नाव अंबुराज ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजाने कनकावळीला दरबारात बोलावले. मुकुट एका कानावर कलला होता आणि त्याने तो सावरला नाही.

"राजमांत्रिकाचं पद तुझं," तो म्हणाला. "आसन मांडलंय."

खिडकीतून चौक दिसत होता. लोक कापडांच्या गठड्या घेऊन बसले होते. बारा वर्षांत कुणी सुई धरली नव्हती. एका बापाने दोन झबली एकातएक घालून मुलाला चढवली होती. दोघी जावा जुन्या पडद्याची पिशवी करायची की पाळण्यावर टांगायच्या कापडी चिमण्या, यावरून भांडत होत्या आणि दोघींनाही दोन्हीतले काही येत नव्हते. सगळ्यांमध्ये भिवराई एकटी उन्हात उभी होती. एकीला धागा ओवून देत होती, दुसरीवर ओरडत होती. चौकात सावली कुठेच नव्हती.

कनकावळीने मांडलेल्या आसनाकडे पाहिले. मग तिने मान वर केली. सिंहासनावर मखमलीचे छत होते, चाळीस हात लांब, तीस हात रुंद, सोन्याच्या दोऱ्यांनी बांधलेले.

"आबा, आसन नको. मी चौकात बसेन, रोज. मला अजून गोधडीचा कोपरा नीट वळत नाही, आणि मला येतं तेवढं या लोकांना येत नाही."

"आणि राज्याचे मंत्र?"

"ते बसून म्हणता येतात. पण हे छत मला हवं, लोकांच्या डोक्यावर बांधायला. द्याल का?"

राजाने वर पाहिले. "मला ऊन लागेल."

"टोपी शिवून देईन."

"वाकडी होईल."

"होईल," कनकावळी म्हणाली आणि तिने शिडी मागवली.