शेवाळावरची जाळी

एकदा एक बाई पाखरांवर चिडली. पाखरांवर चिडून काही हाती लागत नाही, हे तिला ठाऊक होते. पण ठाऊक असल्याने राग उतरतो, असे कुणी सांगितले आहे?

तिचे नाव विदुला. शाळेत चित्रकला शिकवण्याची नोकरी संपल्यावर ती गावाबाहेरच्या टेकडीखाली एका वृद्ध गृहस्थांकडे वामनवृक्षांची विद्या शिकायला जाऊ लागली. वामनवृक्ष म्हणजे बोन्साय. वड, पिंपळ, चिंच अशी आभाळाला भिडणारी झाडे उथळ कुंडीत हातभर उंचीची राखायची आणि तरी ती म्हातारी, भारदस्त दिसली पाहिजेत. त्या गृहस्थांना सगळे आबा म्हणत. माणूस विद्वान, पण बोलण्यात महाकंजूष. काही विचारले की आधी चष्मा पुसत, मग कुंडी फिरवत, आणि मग म्हणत, "बघ." झाले! एवढ्यावर शिष्येने काय ते समजून घ्यायचे. विदुला घरी जाऊन उशीवर मूठ आपटत असे.

आबांपाशी एक चिंच होती. ऐन तारुण्यात चिंचोका पेरून त्यांनी ती स्वतःच्या हाताने वाढवली होती. आता ते हात थरथरू लागले होते. कात्री धरली की फांदी राहायची एकीकडे आणि पाते जायचे दुसरीकडे. ज्येष्ठात एके सकाळी त्यांनी चिंचेची कुंडी विदुलापुढे ठेवली.

"दसऱ्यापर्यंत इथंच सांभाळ. तगली तर तुझी."

न तगली तर काय, ते त्यांनी सांगितले नाही आणि तिलाही विचारवले नाही. कुंडी हातात घेताना तिला रडू आले. दसऱ्यानंतर शहरात वृक्षांचे मोठे प्रदर्शन भरत असे. चिंच तिथे मांडायची, हे तिने त्याच क्षणी मनाशी ठरवले.

वामनवृक्षाच्या पायाशी शेवाळ लावतात. त्याने माती धुपत नाही, ओल टिकते, आणि झाड कुंडीतले न वाटता एखाद्या रानातले वाटते. विदुलाने जुन्या विहिरीच्या कठड्यावरचे शेवाळ सुरीने सोलून आणले, वाळवले, तळहातांवर चोळून त्याचा चुरा केला आणि तो चाळून मातीवर भुरभुरला. वर सकाळ-संध्याकाळ पाण्याचा बारीक फवारा. आषाढ सरताना मातीवर हिरवी छटा उमटली आणि श्रावणात तर मखमल पसरली. चित्रकलेची बाई ती! तासन्‌तास त्या हिरव्याकडे बघत बसे.

आणि मग आले सातभाई.

सातभाई म्हणजे मातकट रंगाची, कायम टोळीने हिंडणारी आणि अखंड कलकलाट करणारी पाखरे. सकाळी उजाडले रे उजाडले की ही टोळी कुंडीवर उतरायची आणि चोचीने शेवाळाचे तुकडे उपटून भिरकावून द्यायची. विदुला येऊन बघते तो काय, मखमलीच्या चिंध्या! ती बिचारी तुकडे गोळा करून, ओले करून, अंगठ्याने दाबून पुन्हा बसवायची. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. तिने टाळ्या वाजवल्या, डबा बडवला, चमकी कागद लटकवला. पाखरे चमकी कागदाशेजारी बसून शेवाळ उपटू लागली.

"मेल्यांनो, एवढी टेकडी पडली आहे ना मोकळी! माझ्याच कुंडीत काय ठेवलंय तुमच्या बापाचं?" ती ओरडायची. नाकी नऊ आणले होते त्यांनी तिच्या.

अखेर तिने बाजारातून बारीक जाळी आणली आणि कुंडीवर तंबूसारखी ताणून बांधली. सातभाई आले, जाळीवर चोची आपटल्या, शिव्या घातल्यासारखे कलकलले आणि निघून गेले. त्या दिवशी विदुलाने स्वतःसाठी शिरा केला.

"जाळी कशाला?" आबांनी विचारले.

"पाखरं शेवाळ उपटतात."

"का उपटतात?"

"का म्हणजे? द्वाड आहेत म्हणून!"

आबांनी चष्मा पुसला. "बघ," ते म्हणाले. पण तेव्हा त्यांना तो चष्माही पुरत नव्हता. मोतीबिंदू वाढला होता. लेकीने बोलावले म्हणून डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ते तिच्या गावी गेले आणि दसरा उलटेपर्यंत तिकडेच राहिले.

इकडे जाळीखाली शेवाळ असे फोफावले की येणारा-जाणारा थांबून बघे. भाद्रपद संपता संपता चिंचेची काही पाने पिवळी पडली. आश्विन लागला तशी जरा जास्तच पडू लागली. हिरव्या मखमलीवर ती पिवळी टिकली फार डोळ्यांत खुपे, म्हणून विदुला रोज जाळी उचलून चिमट्याने एकेक पान वेचून टाकी. ऋतू बदलतो आहे, पाने गळायचीच, असे ती स्वतःला सांगे. मग फवारा मारून जाळी पुन्हा घट्ट बांधी.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आबा परतले. नव्या डोळ्यांनी त्यांनी शेवाळ पाहिले, वरची पाने पाहिली. मग खोडाला अंगठा लावून हलकेच रेटले. खोड हलले. पक्के रुजलेले झाड हलत नाही. आबांनी अंगठा काढून घेतला आणि ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी कुंडी गाडीत ठेवण्यासाठी विदुला आली, तर आबा अंगणात उभे. त्यांनी जाळीची दोरी कापली होती. जाळी बाजूला पडली होती आणि चिंचेची कुंडी मधोमध जमिनीवर ठेवली होती, अगदी पाहुण्यांपुढे पाट मांडावा तशी. कुंपणावर सातभाई कलकलत होते.

"आबा! अहो, काय केलंत हे?" ती धावली.

आबांनी तिचे मनगट धरले. तो थरथरता हात इतका घट्ट असेल, असे तिला कधी वाटले नव्हते.

"सोडा मला! आज नेऊन मांडायचंय ते!"

"बघ."

"पुन्हा बघ! काय बघू? माझ्या पावसाळ्याची माती झालेली बघू?" तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. गुरू नसते तर तिने हात हिसडला असता.

पाखरे उतरली. पहिल्याने शेवाळाचा एक तुकडा उपटून भिरकावला, दुसऱ्याने दुसरा. विदुलाने डोळे मिटले. कलकलाट वाढला तेव्हा तिने ते उघडले. एका पाखराच्या चोचीत काहीतरी पांढरे, जाडजूड, वळवळणारे होते. ते त्याने गिळले आणि तिथेच पुन्हा चोच घातली. दुसऱ्यालाही तसलेच सापडले. मग तिसऱ्याला.

"हुमणी," विदुला पुटपुटली. मातीत राहून मुळे कुरतडणारी ती अळी तिला चांगली माहीत होती. तिने ओढ द्यायची थांबवली, तसे आबांनी मनगट सोडले.

ती मटकन खाली बसली. रडू फुटले, पण रागही गेला नव्हता. "काल हात लावलात तेव्हाच कळलं होतं ना तुम्हाला? मग सांगायचं नाही? रात्रभर मी प्रदर्शनाची स्वप्नं बघत होते, आबा!"

आबा तिच्याशेजारी बसले. आयुष्यभराची कंजुषी त्यांनी त्या सकाळी मोडली.

"काल मला एवढंच कळलं की मुळं गेलीत. मी शेवाळ उकरून दाखवलं असतं तर अळ्या दिसल्या असत्या तुला, पण पाखरं तुझ्या लेखी द्वाडच राहिली असती. तुझं भांडण त्यांच्याशी होतं, विदुला. ते त्यांच्यासमोरच मिटायला हवं होतं. अगं, या हुमणीचे भुंगेरे पावसाच्या तोंडाला मातीत अंडी घालतात, आणि शेवाळाखालची ओल त्यांना फार मानवते. श्रावणात ही पाखरं रोज येऊन एकेक अळी उचलत होती. तुझं शेवाळ विस्कटत होतं, ते खरंच. पण झाड राखलं जात होतं. तू जाळी टाकलीस आणि शेवाळ राखलंस. पिवळी पानं पडली, तीही वेचून टाकलीस. झाड बिचारं सांगत होतं, तर त्याचं बोलणंच तू झाडून काढलंस. वरून कीर्तन, आतून तमाशा, असं झालं बघ कुंडीचं."

"म्हणजे मीच मारलं चिंचेला," ती म्हणाली.

"अजून मेलं नाही. ऊठ."

प्रदर्शन राहिले बाजूला. दोघांनी झाड कुंडीतून उपसले, उरलेल्या अळ्या वेचल्या, मुळे धुतली. एका बाजूची मुळे जवळजवळ संपली होती. त्या बाजूची मोठी फांदी कापावी लागली आणि कात्री विदुलाने धरली. नव्या मातीत झाड बसवून तारेने बांधले. दसऱ्याच्या बोलीचा विषय आबांनी काढला नाही. तिनेही काढला नाही. कुठल्या तोंडाने काढणार?

हिवाळाभर ती रोज येई आणि उघड्या मातीत बोट खुपसून ओल बघे. चिंच जिवंत आहे की लाकूड झाली आहे, हे सांगता येत नव्हते. चैत्रात उरलेल्या फांदीवर तांबूस कोंब दिसले. विदुलाने आबांना हाक मारली ती इतक्या मोठ्याने की कुंपणावरची पाखरे उडाली.

पुढच्या पावसाळ्यात तिने मातीवर पुन्हा शेवाळ भुरभुरले. श्रावणात एका सकाळी ती बागेत आली, तर टोळी कुंडीवर हजर आणि शेवाळाच्या चिंध्या सगळीकडे.

"आलात का, मेल्यांनो! जरा दम काही आहे की नाही? कालच बसवलं होतं रे मी!" ती कडाडली. पण टाळी वाजवली नाही, डबा बडवला नाही. कमरेवर हात ठेवून त्यांचे पोट भरेपर्यंत उभी राहिली. मग बोटाने माती चाचपली, खोड रेटून पाहिले, आणि बडबडत, चरफडत, एकेक तुकडा अंगठ्याने पुन्हा दाबून बसवू लागली.

आबा दारातून पाहत होते. त्यांनी या खेपेस चष्मा पुसला नाही.

"आता घरी ने ती," ते म्हणाले.

आपली हिरवळ रोज सकाळी येऊन विस्कटणारे कुणी ना कुणी आपल्याही नशिबी असतेच. त्यांच्यावर चिडावे, खुशाल चिडावे. जाळी मात्र टाकू नये.