साहेबांच्या टेबलावरचा पेशंट

मंगळवारी सकाळी डॉ. कुमुदिनी खांबेटे एका आजोबांचा घसा तपासत असताना नगरपालिकेची नोटीस आली. दवाखान्यात तपासणीचं एक टेबल होतं. पेशंट ज्यावर आडवा होतो ती खाट आणि जिथे खाट ते रुग्णालय. तेव्हा रुग्णालयाचा परवाना काढा आणि त्याची फी भरा, नाहीतर शुक्रवारी कुलूप लागेल, असं तिच्यात लिहिलं होतं. नवऱ्याच्या मागे बाईंना तेवढा दवाखानाच उरला होता.

बाई नोटीस घेऊन तडक परवाना अधिकारी गुळवे साहेबांकडे गेल्या.

"साहेब, तपासायला माणूस दोन मिनिटं आडवा होतो. त्या टेबलाला खाट कसं म्हणता?"

"बाई, दोन मिनिटं असोत की दोन महिने. पेशंट आडवा झाला की ती खाट. नियम आहे."

"मला कालपासून सर्दी आहे," असं म्हणत बाईंनी साहेबांचा चहा बाजूला सरकवला, चपला काढल्या आणि त्या साहेबांच्या टेबलावर आडव्या झाल्या.

"अहो, हे काय? उठा आधी."

"पेशंटला हलवता येणार नाही, असं डॉक्टरांचं मत आहे."

"कुठले डॉक्टर?"

"मीच. आता तुमच्या रुग्णालयाचा परवाना दाखवा."

दारात लोक जमले. शिपायाने आत डोकावून विचारलं, "साहेब, पेशंटला भेटायची वेळ काय सांगू?"

टेबलावर जागा नव्हती, म्हणून गुळवे साहेबांनी नोटीस भिंतीला टेकवून तिच्यावर 'रद्द' असं लिहिलं. नियमातली खाटेची व्याख्या मात्र अजून कोणी बदललेली नाही.