गिरिजाबाईंची साडीखरेदी

बार्शीच्या मल्लिनाथशेठांचं साड्यांचं दुकान मोठं, आणि त्याहून मोठी त्यांची घाई. पुण्याहून वेळेच्या नियोजनावरचं व्याख्यान ऐकून आले आणि घरातच गरजले, “मालकाचा वेळ फक्त गिऱ्हाइकाला! बाकीच्यांनी मॅनेजरला भेटावं.”

आता बायकोनं मॅनेजरला भेटून काय सांगायचं, एवढं मात्र व्याख्यानात नव्हतं.

गिरिजाबाईंना हवं तरी काय होतं? लग्नाआधी त्या याच दुकानात आल्या होत्या, तेव्हा ह्याच माणसानं साडीचा पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवला होता. तो निवांत, लाजरा माणूस त्यांना पुन्हा एकदा डोळे भरून बघायचा होता.

दुसऱ्या दिवशी त्या चपला काढून थेट दुकानातल्या गादीवर जाऊन बसल्या. “शेठ, साडी दाखवा.”

“अगं, घरी बोलू! मला वेळ...”

“गिऱ्हाइकाशी असं बोलतात होय?”

नोकर तोंड दाबून हसले. शेठ निमूट समोर बसले. एकेक घडी उलगडत गेली, पदर खांद्यावर चढला. मागवलेला चहा गार झाला. शेठ चक्क लाजलेसुद्धा.

“मग, यातली कुठली पसंत?”

“पसंत सांगितली की तुम्ही उठाल,” गिरिजाबाई म्हणाल्या. “दुसरी दाखवा.”