वेशीवरचा परतावा

कोण जाणे किती पिढ्यांपूर्वीची ही गोष्ट. डोंगराच्या कुशीत एक छोटं राज्य होतं. तिथल्या तांबटांचा हात असा काही बसलेला होता, की त्यांनी घडवलेले हंडे नि कढया घ्यायला डोंगरापलीकडची माणसं खेचरं घेऊन यायची.

त्या राज्यात बाजारात काहीही घेतलं, की किमतीवर थोडा कर द्यावा लागे. त्यातून विहिरी उपसल्या जात, रस्ते नीट राहत. पण प्रवाशांसाठी राणीनं वेगळा नियम केला होता. ती म्हणे, "परगावचा माणूस इथं जेवला, मुक्कामाला राहिला, तर त्याचा कर त्यानं द्यावा. ते सुख त्यानं इथंच घेतलं. पण हंडा तो आपल्या गावी नेणार, तिथल्या विहिरीवर भरणार. मग त्या हंड्यावर आपला कर कशाला?"

म्हणून दुकानदार प्रवाशाला शिक्का मारलेली एक चकती देई. जाताना वेशीवरच्या नाक्यावर वस्तू आणि चकती दाखवली, की कराचे पैसे परत मिळत.

त्या नाक्यावर सुभानजी नावाचा नाकेदार होता. माणूस सचोटीचा. कुणाच्या पानसुपारीलाही हात लावायचा नाही. पण राणीचा हा नियम काही केल्या त्याच्या गळी उतरत नव्हता. खजिन्यात आलेला पैसा आपल्याच हातानं परक्याला द्यायचा? त्याचा जीव तुटायचा.

मग त्यानं युक्ती काढली. कुणी चकती पुढे केली, की तो म्हणे, "शिक्का पुसट आहे, बाजारात जाऊन बदलून आणा." दुसऱ्याला म्हणे, "हंडा वापरलेला दिसतोय." तिसऱ्याला म्हणे, "आता नाही, दुपारनंतर या."

प्रवाशांना तर उजेड आहे तोवर घाट ओलांडायचा असे. थोडी हुज्जत घालून ते निघून जात. वाचलेले पैसे सुभानजी पैन् पै खजिन्यात भरी आणि समाधानानं घरी जाई.

अशी काही वर्षं गेली. एका सकाळी त्याचा शेजारी केरोबा तांबट बैलगाडीत सगळा संसार भरून नाक्यावर आला. गाडीत भांडीकुंडी होती, हातोडे होते, ऐरणसुद्धा होती.

"केरोबा, ऐरण घेऊन कुठं निघालास?"

"जिथं काम मिळेल तिथं," केरोबा म्हणाला. "डोंगरापलीकडचं गिऱ्हाईक आटलंय, सुभानजी. आपल्या गावातली माणसं वर्षाला किती हंडे घेणार? भट्टी विझून महिना झाला."

"पण पलीकडचे लोक येईनासे का झाले?"

"ते मला ठाऊक असतं तर निघालो असतो का?"

सुभानजीला ते फार लागलं. त्यानं केरोबाचा बैल धरला. "मी पलीकडं जाऊन बघून येतो. तोवर गाडी पुढं नेऊ नकोस. माझ्यासाठी थांब."

केरोबा नाइलाजानं थांबला आणि सुभानजी आयुष्यात पहिल्यांदाच घाट ओलांडून परमुलखात गेला.

वर वारा बोचरा होता. पलीकडच्या पहिल्याच गावात त्यानं एक घोंगडी विकत घेतली. दुकानदारानं किंमत घेतली, वर कर घेतला. सवयीनं सुभानजी विचारून बसला, "हा कर परत कुठं मिळेल?"

दुकानदार हसला. "आमच्या राजाकडं परत-बिरत काही नसतं, पाव्हणं. घेतला तो घेतला."

त्याच गावात धुरपा नावाच्या म्हातारीनं त्याला ओसरीवर टेकू दिलं. गरम भाकरी नि पिठलं वाढलं. त्याचं पोट भरलं, तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही वेशीवरचे नाकेदार ना? आल्या आल्या ओळखलं मी. म्हटलं, आधी जेवू द्यावं."

सुभानजीनं हातातला तांब्या खाली ठेवला. तो म्हणाला, "आजी, मग तुम्हीच सांगा. आमच्या बाजारात तुम्ही लोक का येत नाही?"

"कशाला यावं? मी चांगला मोठा हंडा घेतला होता. परतीच्या पैशांत मिठाची गोणी घ्यायची, असं घरून ठरवून निघाले होते. तुम्ही म्हणालात, शिक्का पुसट आहे. माझ्या सोबतचे लोक घाटाला लागले होते. मी तशीच आले. तो अख्खा पावसाळा माझ्या नातवंडांनी अळणी खाल्लं."

सुभानजीनं मान खाली घातली. पण मनातला प्रश्न त्याला गप्प बसू देईना. "आजी, तुमचा राजा तर एक दमडीही परत देत नाही. त्याचा राग येत नाही, आमचाच का येतो?"

"आमचा राजा देतो असं म्हणालाच नाही, बाबा," म्हातारी शांतपणे म्हणाली. "आम्ही तेवढं धरूनच चालतो. तुम्ही देतो म्हणालात आणि दिलं नाहीत. तुमचा कर नाही खुपला. तुमचा शब्द खुपला."

सुभानजी आला तसाच माघारी फिरला आणि थेट राणीसमोर जाऊन उभा राहिला. काही न लपवता त्यानं सगळं सांगितलं.

राणीनं विचारलं, "यातला एक तरी पैसा स्वतः ठेवलास?"

"नाही, राणीसाहेब."

"म्हणूनच हे जास्त कठीण झालं. चोराला आपण चोरी करतोय हे ठाऊक असतं. तू मात्र रोज निवांत झोपत होतास."

"मला नाक्यावरून काढून टाका," सुभानजी म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

"काढल्यानं काय होणार? ज्यांचं अडवलंस, ते पैसे खजिन्यातून घे आणि त्यांचे त्यांना नेऊन दे. तुझ्याच हातानं. मग येऊन नाक्यावर बस."

सुभानजी पुन्हा घाट चढला. पलीकडच्या आठवडी बाजारात उभं राहून त्यानं हाक दिली, "ज्यांनी आमच्याकडं भांडी घेतली नि ज्यांना मी रिकाम्या हातानं पाठवलं, त्यांनी यावं. माझी चूक झाली." आधी लोक हसले. काहींनी तोंडावर शिव्या दिल्या. त्यानं त्या ऐकून घेतल्या. मग धुरपा पुढं झाली, तिनं हात पसरला आणि तिच्या मागं एकेक जण येऊ लागला. कुणी चकती जपून ठेवली होती, कुणाकडं नुसता शब्द होता. सुभानजीनं तो शब्दही मानला.

पुढच्या हंगामात घाटातून खेचरांच्या घंटा ऐकू आल्या. केरोबाची ऐरण गाडीतून केव्हाच उतरली होती. त्याच्या भट्टीला उसंत राहिली नाही. परत दिलेल्या करापेक्षा प्रवाशांच्या जेवणाखाणाचा आणि मुक्कामाचाच कर खजिन्यात जास्त जमू लागला. सुभानजी आता चकती दिसली, की प्रवाशानं तोंड उघडण्याआधी पैसे पुढं करी आणि घाटात पाणी कुठं मिळेल, तेही सांगे.

तात्पर्य: घेताना जेवढी तत्परता असते, तेवढीच कबूल केलेलं परत देताना दाखवली, तर परक्या माणसाचाही विश्वास मिळतो.